टॅलिस्मन डिजिटल: पहिला डाव कसा खेळावा

टॅलिस्मन हा जादू आणि साहसाचा पटावरचा खेळ. बाहेरच्या, मधल्या आणि आतल्या अशा तीन पट्ट्यांतून फिरत बळ वाढवायचं, ताईत मिळवायचा आणि मध्यभागी असलेला मुकुट गाठून बाकीच्यांना संपवायचं. खऱ्या पटावर तो खेळताना बराच वेळ हिशेबात जातो. कोणाचे किती लाइफ उरले, कुठल्या तलवारीने किती स्ट्रेंग्थ वाढली, कोणत्या कार्डाचा नियम काय, हे सतत तपासावं लागतं. रॉबर्ट हॅरिस यांनी रचलेला हा खेळ गेम्स वर्कशॉपने १९८३ मध्ये काढला. २०१४ मध्ये नोमॅड गेम्सने ‘टॅलिस्मन: डिजिटल एडिशन’ आणली आणि सगळी आकडेमोड मशीनकडे गेली. आता तुमच्या वाट्याला फक्त निर्णय येतात. पण स्क्रीनवर सगळं इतकं भराभर होतं की नवा खेळाडू बटणं दाबत सुटतो आणि नेमके तेच निर्णय हातचे जातात. म्हणून पहिला डाव मुद्दाम सावकाश खेळा.

१. एक्स्पान्शन बंद ठेवा

रीपर, फ्रॉस्टमार्च, डन्जन, सिटी अशी बरीच एक्स्पान्शन, म्हणजे मूळ खेळाला जोडायचे जादा भाग, आहेत आणि ती छानच आहेत. रीपरमध्ये चाल करताना फाशावर १ पडला की पटावर साक्षात मृत्यूची सोंगटी हलते. पण पहिल्या डावाला साधा पट आणि कॉम्प्युटरचे एक-दोन प्रतिस्पर्धी पुरेत.

२. ताकदवान पात्र घ्या

ट्रोल घ्या. त्याची स्ट्रेंग्थ सुरुवातीलाच ६ असते, त्यामुळे सुरुवातीचे बहुतेक शत्रू त्याला जड जात नाहीत. शिवाय चालीला ६ पडला तर चाल सोडून तो एक लाइफ परत मिळवू शकतो. विझार्ड दिसायला आकर्षक आहे, पण मंत्र कधी वापरायचा हे कळायला आधी खेळ कळावा लागतो.

३. डावीकडे की उजवीकडे?

खेळाचा जीव इथे आहे. बाहेरच्या आणि मधल्या पट्ट्यात तुम्ही एक फासा टाकता आणि कुठल्या दिशेला जायचं ते स्वतः ठरवता. म्हणजे दर खेळीला दोन घरं समोर असतात. दोन्ही घरांवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय चाल करू नका.

समजा, एका बाजूला फॉरेस्ट आहे आणि दुसऱ्या बाजूला क्रॅग्ज. फॉरेस्टमध्ये फासा टाकावाच लागतो. क्रॅग्जमध्ये ट्रोलला तो टाकायची सक्ती नाही, पण टाकला तर निकाल मान्य करावा लागतो. २ किंवा ३ पडला तर वाट चुकून एक खेळी जाते, ४-५ ला काही होत नाही. फरक दोन टोकांना आहे. फॉरेस्टमध्ये १ ला ४ स्ट्रेंग्थचा दरोडेखोर येतो, ट्रोलला तो सोपा. क्रॅग्जमध्ये १ ला ४ क्राफ्टचं (म्हणजे जादू-बुद्धीच्या बळाचं) भूत येतं, आणि ट्रोलची क्राफ्ट फक्त १. पण ६ पडला तर क्रॅग्ज एक स्ट्रेंग्थ देतं, फॉरेस्ट एक क्राफ्ट. स्ट्रेंग्थ हवी असेल तर धोका पत्करून क्रॅग्जमध्ये फासा टाका, लाइफ कमी उरले असतील तर तिथे फासा टाकूच नका. असा विचार दर खेळीला करायची सवय लागली की हा खेळ निव्वळ नशिबाचा वाटत नाही.

मारलेल्या शत्रूंची कार्डं जपा. त्यांच्या स्ट्रेंग्थची बेरीज ७ झाली की ती देऊन तुमची स्ट्रेंग्थ एकने वाढते. क्राफ्टने हरवलेल्या शत्रूंवर तशीच क्राफ्ट वाढते. पटावर आधीच पडलेलं कार्ड सोपं असेल तर मुद्दाम तिकडे वळा, समोर काय येणार ते माहीत असल्याचा फायदा मोठा आहे. फेट, म्हणजे पात्राला मिळालेला नशिबाचा मोजका साठा, वापरून एक फासा पुन्हा टाकता येतो, पण तो किरकोळ लढाईत उडवू नका.

४. नदी ओलांडा

बाहेरच्या आणि मधल्या पट्ट्यांमध्ये नदी आहे. ती ओलांडायच्या वाटेवर सेंटिनल हा पहारेकरी उभा असतो, स्ट्रेंग्थ ९. लढाईत दोघेही आपापल्या स्ट्रेंग्थमध्ये फाशाचा आकडा मिळवतात. तुमची स्ट्रेंग्थ ५ असेल तर जिंकायची शक्यता ३६ पैकी फक्त १. ११ झाली की तीच ३६ पैकी २६ होते. लढायचं नसेल तर टॅव्हर्नमध्ये ६ पडला की नावाडी थेट मधल्या पट्ट्यातल्या टेंपलला सोडतो, किंवा तराफा मिळवा.

५. ताईत मिळवा, आणि सांभाळा

टॅलिस्मन हा ताईत नसेल तर मुकुटाआधीचं शेवटचं घर, व्हॅली ऑफ फायर, ओलांडता येत नाही. तो अॅडव्हेंचर कार्डांत (घरांवर उचलायच्या कार्डांत) निघू शकतो, पण त्याची वाट बघत बसण्यापेक्षा वॉरलॉकच्या गुहेत जाऊन कामगिरी घ्या. ती पार पाडली की ताईत मिळतो. मात्र दुसरा खेळाडू तुमच्या घरात येऊन लढला आणि जिंकला तर तो तुमची एक वस्तू हिसकावू शकतो, तेव्हा ताईत हातात आल्यावर बलवान प्रतिस्पर्ध्यापासून लांब राहा.

६. पोर्टल ऑफ पॉवर

पोर्टल ऑफ पॉवर हे आतल्या पट्ट्याचं दार. आत शिरायला दोन फाशांची बेरीज तुमच्या स्ट्रेंग्थ किंवा क्राफ्टइतकी किंवा त्याहून कमी यावी लागते. ७ वर यशाची शक्यता सुमारे ५८ टक्के, ९ वर सुमारे ८३. चुकलात तर ज्याच्या जोरावर प्रयत्न केला, तेच एकने घटतं. माझं मत स्पष्ट आहे: ९ च्या आत घाई करू नका.

आतल्या पट्ट्यात फाशाने चाल नसते, एकेक घर पुढे जायचं. सुरुवातीलाच दोन वाटा फुटतात. क्रिप्ट तुमची स्ट्रेंग्थ जोखते, माइन्स क्राफ्ट. तुमचं जे भक्कम, तिकडे वळा.

७. मुकुटावर

क्राउन ऑफ कमांडला, म्हणजे मध्यभागच्या मुकुटाला, पोचलात की दर खेळीला फासा टाका. ४ किंवा त्याहून जास्त पडला की बाकी सगळ्यांचा एकेक लाइफ जातो. या टप्प्यावर मेलेला खेळाडू नवं पात्र घेऊन परतत नाही. दुसरं कोणी मुकुटापर्यंत आलं तर मात्र त्याच्याशी लढावं लागतं, म्हणून हातात राहिलेला फेट त्या लढाईसाठी ठेवा.