व्हाइस सिटीच्या फायलींत न वापरलेलं काय पडून आहे, ते कसं शोधायचं

आमच्या दारव्हा तालुक्यात जुन्या कॉम्प्युटरवर व्हाइस सिटी, म्हणजे जीटीए मालिकेतला तो जुना गेम, अजून चालते. पीकविम्याचे अर्ज ओसरले की माझ्या सेवा केंद्रात पोट्टे तोच विषय काढतात, "भाऊ, गेममंधी एक लपलेली गाडी आहे म्हणे!" ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, फायली स्वतः उघडा. २००३ च्या पीसी आवृत्तीत हे घरबसल्या जमतं.

आधी गेमच्या फोल्डरची कॉपी काढा आणि पुढचं सगळं कॉपीवरच करा. लाइट कधी जाईल याचा आपल्याकडे नेम नाही. मग एचएक्सडी हा फुकट मिळणारा हेक्स एडिटर टाका, म्हणजे फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्रॅम.

'मॉडेल्स' फोल्डरमधली जीटीए३ डॉट डिर उघडा. ही फाइल म्हणजे गावचा आठ-अ: कोणाच्या नावावर, कुठे, किती. दर ३२ बाइटला एक नोंद असते. पहिले ४ बाइट जागा सांगतात, पुढचे ४ आकार, उरलेल्या २४ मध्ये नाव. आकड्याचे चारही बाइट उलटे वाचायचे, शेवटचा आधी. जागेच्या आकड्याला २०४८ ने गुणलं की जीटीए३ डॉट आयएमजी या खऱ्या मालाच्या फाइलमध्ये ती वस्तू नेमकी कुठून सुरू होते ते कळतं. नावाच्या शेवटी डीएफएफ असेल तर ती वस्तूची घडण, टीएक्सडी असेल तर तिच्यावरचं चित्र.

आता एकेक नाव, शेवटचं डीएफएफ-टीएक्सडी सोडून, 'डेटा' फोल्डरमधल्या आयडीई फायलींत, म्हणजे गेममधल्या वस्तूंच्या याद्यांत, शोधा. त्या नोटपॅडमध्ये उघडतात. 'इन्फर्नस' ही गाडी लगेच दिसेल. 'आयजीबडी' दिसणार नाही, आणि इथेच पोट्टे ओरडतात, "सापडला!" अरे, तो लान्स वान्स आहे, गेमच्या गोष्टीतलं एक पात्र! मिशनमधल्या खास पात्रांना स्क्रिप्ट नावाने बोलावते, म्हणून त्यांची नावं मेन डॉट एससीएम या स्क्रिप्टच्या फाइलमध्ये असतात. आयडीई, मेन डॉट एससीएम आणि गेम सुरू करणारी एक्सई फाइल, या तिन्ही ठिकाणी पाहिल्याशिवाय कशालाच 'न वापरलेलं' म्हणू नका. शोधताना लहान-मोठ्या अक्षरांचा फरक बंद ठेवा.

माझा जीव मात्र अमेरिकन डॉट जीएक्सटीत रमतो. गेममध्ये पडद्यावर अक्षरांत दिसणारे संवाद यात आहेत. कोणीतरी जीव लावून लिहिलेलं वाक्य कोणाच्याच नजरेला न पडता तिथे पडून असू शकतं. दर अक्षराला २ बाइट असल्याने शोधताना एचएक्सडीत युनिकोड निवडा. प्रत्येक वाक्याला एक छोटं सांकेतिक नाव असतं. तेच नाव मेन डॉट एससीएम आणि एक्सईमध्ये साध्या अक्षरांत शोधा. दोन्हीकडे नसेल तर वहीत लिहून ठेवा. काही नावं गेम चालताना आकडा जोडून तयार होतात, म्हणून आकडा काढून नुसत्या मुळानेही एकदा शोधा.

सॅन अँड्रियास या पुढच्या जीटीए गेममध्ये ही शेवटची युक्ती चालत नाही. तिथल्या जीएक्सटीत नावांच्या जागी त्यांच्यापासून काढलेले आकडे आहेत.