पॅकेट गेलं, पण परत आलं का? क्लाउड राऊटिंगमधल्या या चुका टाळा

“राऊट टेबल बरोबर आहे, सिक्युरिटी ग्रुपही सगळा उघडलाय, तरी कनेक्ट होत नाही.” (राऊट टेबल म्हणजे डेटाच्या पॅकेटने कुठल्या रस्त्याने जायचं त्याची यादी, सिक्युरिटी ग्रुप म्हणजे मशीनच्या दारावरचे नियम.) असा मेसेज आला की मला टाइमआउटपेक्षा मधल्या वाक्याचा जास्त राग येतो. कारण शोधायच्या आधीच ०.०.०.०/० (म्हणजे जगातले सगळे पत्ते) टाकून मोकळे झालात! सिक्युरिटी ग्रुप उघडणं म्हणजे तपास नव्हे. त्यातून काही सुटलं नाही तर वेळ गेला, आणि सुटलं तर तो नियम पुढच्या ऑडिटपर्यंत तसाच पडून राहतो.

मी इथे एडब्ल्यूएसबद्दल, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडबद्दल लिहितेय, कारण रोजचं काम त्यावर आहे. अझ्युअर किंवा गूगल क्लाउडवर नावं आणि बटणं बदलतात, माणसं त्याच चुका करतात.

ट्युटोरियलमधली रेंज जशीच्या तशी उचलणं

नवीन व्हीपीसी (क्लाउडमधलं आपलं खाजगी नेटवर्क), रेंज, म्हणजे त्यातल्या आयपी पत्त्यांचा पट्टा, १०.०.०.०/१६. का? व्हिडिओत तीच होती म्हणून. एकच व्हीपीसी असेपर्यंत कुणाचं काही बिघडत नाही. मग टेस्टिंगसाठी दुसरं अकाउंट येतं, तिथेही १०.०.०.०/१६. डेटा टीम तिसरं उघडते, तिथेही तेच. आणि एक दिवस मॅनेजर म्हणतो, “जरा हे दोन जोडून दे ना.”

जोडता येत नाही. दोन व्हीपीसींच्या रेंज एकमेकींवर चढत असतील तर पीअरिंग, म्हणजे दोन व्हीपीसींची थेट जोडणी, होतच नाही. व्हीपीसीची मूळ रेंज नंतर बदलता येत नाही, सबनेटचा (व्हीपीसीतल्या एका तुकड्याचा) आकारही बदलता येत नाही. जादा रेंज जोडता येते, पण मूळ भांडण तसंच राहतं. एखादीच सर्व्हिस पलीकडे द्यायची असेल तर प्रायव्हेटलिंकने भागतं, कारण तिथे समोरच्याला त्याच्याच व्हीपीसीतला पत्ता मिळतो. पण दोन्ही बाजूंना सगळं सगळ्यांशी बोलायला हवं असेल, तर नवीन व्हीपीसी करून सामान हलवणं हाच खरा उपाय. डेटाबेस हलवायचा म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच विचारा.

माझी सवय सांगते. कन्सोल उघडायच्या आधी एक शीट उघडायची. कुठलं अकाउंट, कुठला रीजन, कुठली रेंज, ऑफिसच्या नेटवर्कची रेंज, व्हीपीएनची रेंज, सगळं एकाच ठिकाणी. १७२.३१.०.०/१६ मी वापरत नाही, कारण डिफॉल्ट व्हीपीसी तीच रेंज घेऊन येतो. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० वापरत नाही, कारण निम्म्या घरांतले वाय-फाय राऊटर तेच पत्ते वाटतात आणि घरून व्हीपीएन लावणारा माणूस अडकतो. १७२.१७ तर नकोच नको, त्याची कहाणी खाली येतेय.

सबनेट पाडतानाही हात आखडता घेऊ नका. /२४ मध्ये पत्ते २५६, त्यातले ५ एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं: पहिले चार आणि शेवटचा. उरले २५१. भरपूर वाटतात, पण ईकेएसचं (एडब्ल्यूएसच्या कुबरनेटीस सेवेचं) नेहमीचं सेटिंग प्रत्येक पॉडला, म्हणजे कंटेनरच्या प्रत्येक गटाला, व्हीपीसीतला पत्ता देतं, आणि मग एका डिप्लॉयमेंटमध्ये सबनेट संपतो. पॉड पेंडिंग का, म्हणून लोक यॅमलच्या सेटिंग फाइली चाळत बसतात. मी कामाचे सबनेट /२० चे करते; आकडा लहान तितका सबनेट मोठा. खाजगी पत्त्यांना पैसे पडत नाहीत, मग कंजुषी कशासाठी?

फक्त जाण्याचा रस्ता बघणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. मुक्कामाची एसटी मिळाली म्हणून परतीची मिळेलच असं नाही, हे प्रवासात सगळ्यांना कळतं, नेटवर्कमध्ये कळत नाही.

साधा प्रकार पीअरिंगमध्ये दिसतो. ‘अ’ मधून ‘ब’ कडे राऊट टाकला, ‘ब’ च्या टेबलात ‘अ’ कडे टाकलाच नाही. पीअरिंग ॲक्टिव्ह दिसतं, म्हणून सगळे निर्धास्त. शिवाय ‘अ’ ते ‘ब’ आणि ‘ब’ ते ‘क’ जोडलं म्हणून ‘अ’ ते ‘क’ जात नाही. तसं हवं असेल तर ट्रान्झिट गेटवे (अनेक नेटवर्क जोडणारा मधला राऊटर) आणा, आणि तिथेही दोन्हीकडची टेबलं बघा. ट्रान्झिट गेटवेचं स्वतःचं टेबल वेगळं असतं हेही विसरू नका.

आता अवघड प्रकार. एका कंपनीचं ॲप मुंबई रीजनमध्ये होतं आणि शाखा व्हीपीएनवरून जोडलेल्या होत्या. तक्रार अशी, की एका शाखेतून ॲप उघडत नाही, बाकी सगळीकडून उघडतं. आधी चालत होतं. “आम्ही काहीच बदललं नाही,” हे अर्थातच होतं. (हे वाक्य मी ऐकून घेते आणि बाजूला ठेवते.) शाखेचं ब्रॉडबँड बदलून झालं, व्हीपीएनचा टनेल पाडून पुन्हा उभा करून झाला, सिक्युरिटी ग्रुप तर पहिल्याच तासात सताड उघडा होता.

राऊट टेबल खरंच बरोबर होतं. शाखेची रेंज १७२.१७.४०.०/२४, ती व्हीपीएनच्या गेटवेकडून टेबलात आलेली. रीचेबिलिटी ॲनालायझरही (रस्ता तपासणारं एडब्ल्यूएसचं टूल) हिरवा. फ्लो लॉग (ट्रॅफिकच्या नोंदी) काढले तर शाखेकडून सर्व्हरकडे ‘ॲक्सेप्ट’च्या ओळीच ओळी, पण सर्व्हरकडून शाखेकडे एकही ओळ नाही. रिजेक्टही नाही. म्हणजे उत्तर कोणी अडवत नव्हतं, मशीनबाहेर उत्तरच पडत नव्हतं. सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टूल) लावला. सिन (कनेक्शनची पहिली हाक) आलं, पुन्हा सिन, पुन्हा सिन, उत्तर शून्य.

मग एकच कमांड: ‘आयपी राऊट गेट’, पुढे शाखेतल्या एका लॅपटॉपचा पत्ता. लिनक्सने सरळ सांगितलं, हा पत्ता मी ‘डॉकर झीरो’वर पाठवतो. कुणीतरी मॉनिटरिंगचा एजंट कंटेनरमध्ये चालवायला सर्व्हरवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं होतं. डॉकर आपल्या ब्रिजसाठी (कंटेनरच्या आतल्या नेटवर्कसाठी, तोच ‘डॉकर झीरो’) सहसा १७२.१७.०.०/१६ ही रेंज घेतं. झालं! सर्व्हरच्या दृष्टीने ती अख्खी शाखा त्याच्या पोटातच होती, उत्तर व्हीपीसीच्या राऊट टेबलापर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता.

डॉकरच्या ‘डेमन डॉट जेसन’ फाइलमध्ये ‘बिप’ हे सेटिंग बदलून वेगळी रेंज दिली, डॉकर रीस्टार्ट केलं, शाखा सुरू. डॉकर कंपोज (अनेक कंटेनर एकत्र चालवायचं टूल) वापरत असाल तर त्याच फाइलमध्ये ‘डिफॉल्ट ॲड्रेस पूल्स’ही द्या, नाहीतर नवीन नेटवर्क १७२.१८, १७२.१९ असं पुढे सरकत तुमच्या दुसऱ्या एखाद्या शाखेवर जाऊन बसतं.

रीचेबिलिटी ॲनालायझर खोटं बोलत नव्हता. तो क्लाउडचं कॉन्फिगरेशन वाचून निकाल देतो, खरं पॅकेट पाठवत नाही आणि मशीनच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: फ्लो लॉगमध्ये दोन्ही दिशा, मग मशीनवर टीसीपीडम्प, मग आयपी राऊट गेट. पिंगवर मी फारशी विसंबत नाही. सिक्युरिटी ग्रुपमध्ये आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) मुद्दाम उघडलेलं नसेल तर ठणठणीत राऊटवरही पिंग मरतं, आणि नवशिके तेवढ्यावर राऊट टेबलाची तोडफोड सुरू करतात.

परतीचाच आणखी एक बळी म्हणजे नेटवर्क एसीएल, सबनेटच्या दारावरचे नियम. सिक्युरिटी ग्रुप आत आलेल्या कनेक्शनचं उत्तर आपोआप बाहेर सोडतो, एसीएल सोडत नाही. आत ४४३ पोर्ट उघडलं आणि बाहेर १०२४ ते ६५५३५ (उत्तरं ज्या पोर्टवर जातात ते) उघडलं नाही तर उत्तर दारातच अडकतं. खास गरज नसेल तर डिफॉल्ट एसीएलला हात लावू नका. मी लावत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

नॅट गेटवे (प्रायव्हेट मशीनना इंटरनेटवर नेणारा) प्रायव्हेट सबनेटमध्ये ठेवणं. इंटरनेटसाठीचा नेहमीचा नॅट पब्लिक सबनेटमध्ये बसतो आणि त्या सबनेटचा ०.०.०.०/० इंटरनेट गेटवेकडे जातो. घाईत दोन्ही सबनेटना एकच टेबल लावलं, तर नॅटचा रस्ता फिरून नॅटकडेच येतो.

सबनेटला टेबल जोडायला विसरणं. मग तो गुपचूप व्हीपीसीचं मेन टेबल वापरतो. म्हणून मेन टेबलात मी लोकल (व्हीपीसीच्या आतल्या) राऊटशिवाय काही ठेवत नाही. विसरलेला सबनेट बंद पडलेला परवडला, इंटरनेटवर उघडा पडलेला नाही.

पब्लिक सबनेटमधल्या मशीनला पब्लिक आयपी नसणं. राऊट कितीही बरोबर असला तरी इंटरनेट गेटवे तिला बाहेर नेत नाही.

राऊट वरून खाली वाचले जातात असं समजणं. ती पद्धत एसीएलची. राऊट टेबलात ज्याची रेंज जास्त नेमकी तो जिंकतो. १०.०.०.०/८ ट्रान्झिट गेटवेकडे आणि टेस्टिंगच्या वेळचा १०.२०.५.०/२४ अजून जुन्या पीअरिंगकडे असेल, तर तेवढा एक सबनेट वेगळीकडेच जात राहतो. ते पीअरिंग कुणी डिलीट केलं तर राऊटसमोर ‘ब्लॅकहोल’ असं चक्क लिहून येतं, तरी ते कोणी वाचत नाही.

एसथ्रीचा (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीचा) ट्रॅफिक नॅटमधून नेणं. नॉर्थ व्हर्जिनियात नॅट गेटवे तासाच्या भाड्याशिवाय दर जीबीला साडेचार सेंट घेतो. एसथ्रीचा गेटवे एंडपॉइंट (व्हीपीसीतून एसथ्रीकडे थेट रस्ता) फुकट आहे. पण एंडपॉइंट बनवताना प्रायव्हेट सबनेटचं राऊट टेबल निवडायला विसरलात तर तो नुसता शोभेला राहतो आणि बिल जसंच्या तसं येतं. टेबलात ‘पीएल’ने सुरू होणारी ओळ दिसली तरच काम झालं.

टेराफॉर्मवाल्यांसाठी, म्हणजे कोड लिहून क्लाउड उभं करणाऱ्यांसाठी, एक. राऊट टेबलाच्या आतच राऊट लिहायचे आणि त्याच टेबलासाठी वेगळे राऊट रिसोर्सही करायचे, असं दोन्ही चालत नाही. एक ॲप्लाय (बदल लागू करणं) दुसऱ्याचे राऊट पुसतं, आणि लोक म्हणतात राऊट आपोआप गायब होतात. मी नेहमी वेगळे रिसोर्स करते आणि ॲप्लायच्या आधी प्लॅन शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. ज्याला तेवढा धीर नाही, त्याला मी प्रॉडक्शनच्या अकाउंटचा ॲक्सेस देत नाही.