अकरावीत माती खाल्ली, आता वालचंद-सीओईपी विसरायचं का?

दरवर्षी मे महिना आला की कुणा ना कुणा पाहुण्याचा फोन येतोच, "अरे आमच्या पोराला अकरावीत ४५ टक्के पडलेत, त्याला आता कुठंतरी बीएस्सीला टाकू का?" टाकू का म्हणजे काय, पोतं हाय का ते. प्रत्येकाला फोनवर तासभर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढं नुसतं फॉरवर्ड करायचं.

आधी माझं सांगतो, म्हणजे हा शहाणा कोण असं वाटायला नको. सांगलीत गावभागात घर, मराठी माध्यम, दहावीला ८८ टक्के. २०१९ ला अकरावी सायन्स घेतलं आणि ऑगस्टमध्ये महापूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, आम्ही सगळे कुपवाडला मावशीकडं. परत आलो तेव्हा फिजिक्सचं पुस्तक वाळवून उघडलं तर पानं पापडासारखी तुटत होती, आणि त्या वर्षी पुस्तकं नवी आलेली त्यामुळं कुणाची जुनी मिळायची पण सोय नाही. पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्सला २५ पैकी ४. सहामाहीला मॅथ्समध्ये पण उडालो. पुढं मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, वार्षिक परीक्षाच झाली नाही, म्हणजे सुधारायचा चान्सच गेला. वर सगळे म्हणायचे अकरावी कोण बघत नाही रे, आणि नेमकी आमची २०२१ ची बॅच अशी की बारावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली आणि निकाल लावला दहावी ३० टक्के, अकरावी ३० टक्के, बारावी ४० टक्के असा जोडून. आमच्या नशिबाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. तरी सीईटीवर, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर, सांगलीतल्याच वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला लागलो, कॉम्प्युटर नाही मिळालं, इलेक्ट्रिकल मिळालं.

तर पहिलं काम म्हणजे रडणं बंद करून एक कागद घ्यायचा आणि आपल्याला हवं ते कॉलेज नक्की कुठले मार्क बघतंय ते लिहायचं. नव्वद टक्के टेन्शन इथंच उतरतंय, कारण बहुतेकांना हेच माहीत नसतंय. वालचंद, कराडचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग, पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, या सगळ्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मेन मेरिट एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाईलवर (शंभरातल्या किती पोरांच्या आपण पुढं, तो आकडा). बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ओपनला ४५ टक्के आणि राखीवला ४० लागतात, ते फक्त पात्रतेपुरतं. अकरावी तर कॉलेजच्या पातळीवरची परीक्षा, बोर्डाच्या गुणपत्रिकेत तिचा पत्ताच नसतोय, आमच्या त्या एका बॅचचा अपवाद सोडून. दहावी कुठं येते तर दोघांचं सगळं सारखं निघालं तर टाय फोडायला, तेही पार शेवटाकडं.

एनआयटी-आयआयटी पाहिजे असेल तर जेईई ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, आणि मार्कांचं म्हणाल तर बारावीला ७५ टक्के (एससी-एसटीला ६५) किंवा आपल्या बोर्डात टॉप २० पर्सेंटाईल, एवढी अट. पुण्याच्या आयसरला (सायन्स शिकवणारी केंद्र सरकारची संस्था) आयएटी नावाची वेगळी परीक्षा, ६० प्रश्न, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स-बायो प्रत्येकी १५. इथंही अकरावीचे मार्क कुणी विचारत नाही.

पण इथंच पोरं फसतात. अकरावीचे मार्क कुणी बघत नाही, अकरावीचा सिलॅबस मात्र सगळे बघतात. सीईटीत २० टक्के प्रश्न अकरावीचे. पेपर २०० मार्कांचा, फिजिक्स ५० प्रश्न, केमिस्ट्री ५० प्रश्न एकेक मार्काचे आणि मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे. म्हणजे अकरावीचे फिजिक्स १०, केमिस्ट्री १० आणि मॅथ्सचे २०, झाले ४० मार्क. हे ४० सोडून चांगलं कॉलेज मिळत नाही, हे डोक्यातून काढू नको. जेईईला तर जवळपास निम्मा सिलॅबस अकरावीचा असतोय, म्हणून माझं स्पष्ट मत असं की अकरावी पूर्ण कोरी गेली असेल तर बारावीच्या वर्षात आयआयटीच्या मागं लागून दोन्ही घालवण्यापेक्षा सीईटी धर. जेईई मेनचा फॉर्म भर, पेपर दे, पण झोप सीईटीसाठी मोड. क्लासवाले असं सांगणार नाहीत, त्यांची फी जेईईच्या बॅचला जास्त असते.

चांगली गोष्ट ही की सीईटीला अकरावीचे सगळेच धडे नसतात, ठरावीकच असतात, यादी सीईटी सेलच्या साईटवर मिळते, ती प्रिंट काढून भिंतीला चिकटव. फिजिक्सला मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, थर्मल प्रॉपर्टीज, साऊंड, ऑप्टिक्स, इलेक्ट्रोस्टॅटिक्स, सेमीकंडक्टर असं आहे. आता हे धडे पुस्तकाच्या क्रमानं करत बसू नको. बारावीचा जो धडा कॉलेजात चालू आहे त्याचा अकरावीतला बाप शोधायचा आणि त्याच आठवड्यात तो करायचा. बारावीचं रोटेशनल डायनॅमिक्स चालू झालं की अकरावीचं लॉज ऑफ मोशन. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या आधी रेडॉक्स. सोल्युशनच्या आधी मोल कन्सेप्ट. हॅलोजनवाल्या धड्याच्या आधी ऑरगॅनिकची बेसिक प्रिन्सिपल्स, नाहीतर पुढचं सगळं ऑरगॅनिक नुसतं पाठ करावं लागतं आणि ते राहत नाही. मॅथ्समध्ये सगळ्यात आधी ट्रिगोनोमेट्री, कारण डेरिव्हेटिव्ह असू दे नाहीतर इंटिग्रेशन, अडतंय तिथंच, मग फंक्शन्स आणि लिमिट. फिजिक्समधले व्हेक्टर यादीत असोत-नसोत, पहिल्या आठ दिवसात करून टाक, त्याच्याशिवाय एक पान पुढं जात नाही. असं केलं की वेगळी "अकरावीची रिव्हिजन" काढावी लागत नाही. ती कधी होत पण नाही, दिवाळीच्या सुट्टीत करू म्हणतात आणि सुट्टी किल्ले करण्यात जाते.

आता मराठी माध्यमवाल्यांसाठी. मी दोन वर्षं सगळ्यांना पुराचं कारण सांगायचो. पूर खरा होता, पण ४ मार्क पुरामुळं नव्हते पडले. सर मोमेंटम मोमेंटम म्हणायचे आणि मला दोन आठवडे वाटत होतं हे काहीतरी नवीनच प्रकरण आहे. तो आपला संवेग होता! नववीला शिकलेला, गणितं सोडवलेली. त्या दिवशी घरी येऊन आधी हसलो आणि मग लय राग आला. मग एक शंभर पानी वही घेतली, मधोमध रेघ मारली, डावीकडं संवेग उजवीकडं मोमेंटम, त्वरण-अ‍ॅक्सिलरेशन, जडत्व-इनर्शिया, अपवर्तन-रिफ्रॅक्शन, क्षपण-रिडक्शन, छेद-डिनॉमिनेटर, असं करत करत दोनेकशे शब्द झाले आणि लक्षात आलं की नवीन असं फार थोडं आहे. ज्याला अकरावीत "काहीच कळत नाही" असं होतंय त्यानं क्लास बदलायच्या आधी ही वही करून बघावी, वीस-पंचवीस रुपयात होते. आणि हे पण माहीत असू दे की सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतून पण घेता येतो, मॅथ्स मात्र इंग्रजीतच. मी इंग्रजीच घेतला, कारण वर्षभर इंग्रजीत वाचून शेवटी मराठीत "विद्युतप्रवर्तन" वाचलं तर उलटा गोंधळ. जे काय ठरवायचं ते जूनमध्येच ठरव, फॉर्म भरताना नाही.

सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. तरी पोरं प्रश्न सोडून येतात, काय म्हणायचं. पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न, नंतरची ९० मिनिटं मॅथ्सचे ५०, आणि एकातला उरलेला वेळ दुसऱ्यात जात नाही. म्हणून घरी टेस्ट देताना पण तसाच घड्याळ लावून दे, चहाला उठायचं नाही.

बोर्ड सोडून देऊ नको. आमच्या इकडं फॅशन आलीय, कॉलेजात नावापुरतं अ‍ॅडमिशन आणि दिवसभर क्लासला. ज्याची अकरावी बरी गेलीय त्याला परवडत असेल, ज्याची गेली नाही त्यानं कॉलेजची प्रॅक्टिकल्स तरी नीट करावीत, फिजिक्सला ७० ची थिअरी आणि ३० चं प्रॅक्टिकल, ते ३० हातातले मार्क आहेत.

ज्यांची दहावीच गंडली त्यांना एक वेगळी वाट आहे आणि लोक तिच्याकडं उगाच नाक मुरडून बघतात. डिप्लोमा. कराडला आणि मिरजेला गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक आहे. तीन वर्षं मन लावून केलंस तर डायरेक्ट सेकंड इयरला वालचंद-सीओईपीला जाता येतं, ती मेरिट डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या मार्कांवर लागते, दहावी पुसली जाते. सोपं नाही, टॉपच्या ब्रँचला नव्वदच्या पार वर लागतात. पण माझ्या वर्गात सेकंड इयरला आलेली डिप्लोमाची पोरं मशीनला हात लावायला आमच्यापेक्षा कितीतरी पुढं होती, आम्ही मोटरचं कनेक्शन द्यायला त्यांनाच बोलवायचो.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी दिल्ली विद्यापीठ मनात असेल तर सीयूईटी ही प्रवेश परीक्षा बघावी. २०२२ पासून तिथली मेरिट या परीक्षेवर लागते, बारावी पात्रतेपुरती. एक काळजी घ्यायची, बारावीला जे विषय आहेत तेच सीयूईटीला निवड, आणि हव्या त्या कोर्सला कुठले विषय चालतात ते फॉर्म भरायच्या आधी तपास, नाहीतर मार्क असून नंबर लागत नाही. वकिलीच्या कॉलेजांना क्लॅट नावाची परीक्षा, तिथं ४५ टक्के बारावीला पुरतात.

उरली ती कॉलेजं जी खरंच सगळं बघतात. परदेशातली, खास करून अमेरिकेतली, नववी ते बारावी चारही वर्षांचे मार्क मागतात, आपल्याकडची काही खाजगी विद्यापीठं पण जुने मार्क आणि निबंध मागतात. तिथं पडलेलं वर्ष लपत नाही, मग ते नीट सांगायचं. माझ्या एका मामेबहिणीनं साताऱ्याहून असा अर्ज केला होता, तिचा पहिला मसुदा मी वाचला. दीड पान नुसतं आजारपण, घरची परिस्थिती, शिक्षक कसे शिकवत नव्हते. मी म्हटलं, हे वाचून त्यांना दया येईल, सीट कशाला देतील? तिनं ते दोन ओळींवर आणलं, "अकरावीच्या पहिल्या सहामाहीत मला टायफॉईड झाला आणि दोन विषयात नापास झाले. जानेवारीपासून रोज पहाटे एक धडा मागचा आणि एक चालू असा केला" आणि खाली सरळ मार्क, ३१ वरून ५८, ५८ वरून ७९. बस. कारण खरं असेल तेच लिही आणि लहान लिही. शिफारसपत्र बारावीच्या शिक्षकांकडून घे, ज्यांनी तुला सुधारताना बघितलंय. आणि अमेरिकेचा अर्ज असेल तर नोव्हेंबरच्या लवकरच्या मुदतीत घाई करून टाकू नको, जानेवारीच्या रेग्युलरला टाक, म्हणजे बारावीच्या सहामाहीचे मार्क पण त्यांच्यापर्यंत पोचतात. सुधारणाऱ्याला प्रत्येक जादा महिना फायद्याचा.

सीईटीचा निकाल लागला की खरा घोळ कॅपच्या (राज्याची एकत्र प्रवेश प्रक्रिया) ऑप्शन फॉर्मला होतो, जिथं कॉलेजं पसंतीच्या क्रमानं भरायची असतात. मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडलीस की जीओपनएच, जीओपनएस, एलओपनएच असलं काहीतरी दिसतं. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मधली कॅटेगरी, शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची युनिव्हर्सिटी, एस म्हणजे स्टेट लेव्हल. आपण सातारा-सांगली-कोल्हापूरवाले शिवाजी विद्यापीठाचे, आपली ओळ बघायची, दुसऱ्याची बघून घाबरायचं नाही. यादी लावताना खरोखर जे पाहिजे ते वर, आपल्या पर्सेंटाईलच्या थोडं वरचे पर्याय पण टाकायचे. एक नंबरला टाकलेलं मिळालं की सीट फ्रीज होते, म्हणजे पुढच्या फेरीत बदलता येत नाही, म्हणून "मिळेल तरी" म्हणून नको असलेलं कॉलेज एक नंबरला टाकायचं नाही. शेजारच्यानं केलं होतं तसं, वर्षभर तोंड पाडून बसलेला.

आणि कागदपत्रं. हे पालकांनो तुमच्यासाठी. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेयर, ईडब्ल्यूएस, कास्ट व्हॅलिडिटी. व्हॅलिडिटीला महिनोन्महिने जातात, ती अकरावीतच टाका, पोराचे मार्क कसे का असेनात. उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी माफीची योजना) सीटवर ट्यूशन फी माफ होते, आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलींना २०२४ पासून त्याच मर्यादेत प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, हे अजून कितीतरी घरात माहीत नाही. जूनमध्ये सेतूत गेलात तर रांग गेटाबाहेर असते आणि सर्व्हर डाऊन, आम्ही तीन दिवस डबा घेऊन जात होतो. फेब्रुवारीत जा, कुणी नसतंय.