व्हायरसने कॅन्सरचा इलाज: हो म्हणायच्या आधी काय तपासायचं, काय विचारायचं

घरात कोणाला कॅन्सर निघाला की चार दिवसांत कोणीतरी व्हिडिओ पाठवतोच, व्हायरसचं इंजेक्शन घ्या अन् गाठ गायब. आपल्याकडे नागपुरात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट इतके, की मेडिकल कॉलेज घ्या, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल घ्या नाहीतर जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल, ओपीडीत बसायला जागा नसते, अन् अशा वेळी घरचे लोक कशालाही धरायला तयार असतात. हा इलाज खरा आहे, जगात मान्यता मिळालेला आहे, म्हणूनच त्याच्या नावावर काहीही विकणं सोपं जातं. मी सांगतो ते प्रश्न कागदावर लिहून घ्या आणि डॉक्टरांसमोर बसूनच विचारा, फोनवर नाही.

सगळ्यात आधी व्हायरसचं नाव विचारायचं. "स्पेशल व्हायरस आहे, फॉरेनचा आहे" हे उत्तर नव्हे. नाव मिळालं की पुढचा प्रश्न, यातले कोणते जीन काढले आणि कोणते घातले? सुरक्षितता इथेच ठरते. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालेलं टी-व्हेक घ्या, ते म्हणजे ओठावर फोड आणणारा हर्पीसचाच व्हायरस. आपल्या साध्या पेशीत व्हायरस शिरला की ती पेशी प्रोटीन बनवणंच बंद करते म्हणजे व्हायरसला वाढता येत नाही, पेशीचा हा बचाव मोडायला हर्पीसकडे एक जीन असतो, आयसीपी ३४.५, तो शास्त्रज्ञांनी काढून टाकला. आता साध्या पेशीत हा व्हायरस अडकतो. पण बऱ्याच कॅन्सरच्या पेशींत ती बंद करायची यंत्रणा आधीच बिघडलेली असते, म्हणून तिथे तो वाढतो आणि पेशी फोडतो. दुसरा एक जीन, आयसीपी ४७, व्हायरसला आपल्या प्रतिकारशक्तीपासून लपवतो, तोही काढला, आणि वरून जीएम-सीएसएफ नावाचं प्रोटीन बनवणारा जीन घातला, जेणेकरून शरीराचे पहारेकरी गाठीकडे धावून येतील. एवढं सगळं डॉक्टरांनी तुम्हाला शिकवावं असं नाही, पण विचारल्यावर साध्या भाषेत सांगता आलं पाहिजे, आणि चांगले डॉक्टर सांगतातच.

मग विचारा, बिनसलं तर थांबवायचं कसं? टी-व्हेकमध्ये ॲसायक्लोव्हिर लागू पडावं म्हणून लागणारा जीन मुद्दाम तसाच ठेवलाय. ॲसायक्लोव्हिर म्हणजे नागिणीला देतात तीच गोळी. यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, पेशंट आधीच ही गोळी घेत असेल तर इलाजाचा व्हायरसही त्याच गोळीने मरू शकतो, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी, स्टेरॉइड, काढा, भस्म, सगळं सांगायचं. प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्यांना आणि गरोदर बाईला टी-व्हेक देतच नाहीत.

आता फायदा किती, हे आकड्यात विचारा. टी-व्हेकच्या मोठ्या ट्रायलमध्ये, म्हणजे पेशंटवर घेतलेल्या चाचणीत, ४३६ पेशंट होते, सहा महिने किंवा जास्त टिकणारा परिणाम साधारण १६ टक्के लोकांत दिसला, नुसतं जीएम-सीएसएफ दिलेल्यांत २ टक्के. म्हणजे फरक नक्की आहे, पण शंभरातल्या चौऱ्याऐंशी लोकांना तसा परिणाम मिळाला नाही हेही तितकंच खरं. शिवाय इंजेक्शन थेट गाठीत देतात, लिव्हर-फुप्फुसात पसरलेल्या आजारावर त्याचा जोर फार चालत नाही. आणि मेलानोमाचा आकडा दाखवून कोणी तुमच्या गालाच्या कॅन्सरवर तेच विकत असेल तर तिथून उठा. जपानने २०२१ मध्ये मेंदूच्या ग्लायोमा या कॅन्सरसाठी डेलिटॅक्ट या व्हायरसच्या औषधाला मान्यता दिली तीही अटींसह. लॅटव्हियात रिगव्हिर नावाचं व्हायरसचं औषध २००४ पासून नोंदलेलं होतं, परदेशातून लोक पैसे भरून जायचे, २०१९ मध्ये तपासणीत निघालं की बाटलीत लिहिलंय त्याच्यापेक्षा व्हायरस कितीतरी कमी आहे, अन् वाटप थांबलं.

कार-टी नावाचा कॅन्सरचा इलाजही ऐकू येतो, ते वेगळं प्रकरण आहे, गल्लत करू नका. त्यात पेशंटच्याच टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, बाहेर काढून, लुळ्या केलेल्या व्हायरसच्या मदतीने त्यांच्यात नवा जीन टाकून परत देतात, व्हायरस फक्त पोचवायचं काम करतो. आयआयटी बॉम्बे आणि टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी उभं केलेलं नेक्सकार-१९ भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालं, पण ते बी-पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरवर, तोंडाच्या नाही.

कोणी ट्रायल आहे म्हणत असेल तर सीटीआरआयचा नंबर मागा. ही भारताची ट्रायल नोंदणी, जून २००९ पासून सक्तीची, साइट मोबाइलवर उघडते. तिथे नंबर टाकायचा अन् चार गोष्टी बघायच्या: भरती चालू आहे का, डीसीजीआयची, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रकाची, परवानगी मिळाल्याचं लिहिलंय का, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, आणि हॉस्पिटलांच्या यादीत तुम्हाला सांगितलेलं हॉस्पिटल आहे का. यादीत नागपूर नसेल अन् इथल्याच कोण्या क्लिनिकात देतो म्हणत असतील तर विषय संपला. नोंद आहे म्हणजे औषध चालतं असं मात्र धरू नका, चालतं का हेच तर बघून राहिले ते. ट्रायलच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात, आणि ट्रायलमुळे काही इजा झाली तर फुकट उपचार अन् भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. संमतीचा फॉर्म मराठीत मागा, घरी आणा, दोघांनी वाचा, सहीची घाई करणाऱ्याला नाही म्हणा.

आणि हे चालू असताना ठरलेलं ऑपरेशन, किमो, शेक (रेडिएशन) पुढे ढकलायचा नाही, डॉक्टरांनी स्वतः सांगितलं तरच. तोंडाच्या कॅन्सरमध्ये दोन महिने वाट पाहणं फार महागात पडतं. ऑपरेशन, किमो, शेक हे नेहमीचे इलाज महात्मा फुले योजनेत बसतात, अर्ज लगेच करा.

खरंच असं इंजेक्शन मिळालं तर घरीही काम असतं. ताप, थंडी, अंगदुखी येते, ताप किती वाढला की फोन करायचा ते आधीच विचारून ठेवा. टी-व्हेकनंतर इंजेक्शनच्या जागेवर हवा न जाणारी पट्टी निदान आठवडाभर ठेवतात, खाजवू द्यायचं नाही. पट्टी बदलणाऱ्याने ग्लोव्हज घालायचे, काढलेली पट्टी बंद पिशवीत टाकून मगच कचऱ्यात. घरात सून गरोदर असेल किंवा कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांनी पट्टीला हात लावायचा नाही, ते काम दुसऱ्या कोणाकडे द्यायचं हे इंजेक्शनच्या आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.