बारीक भुसा उडण्याआधीच पकडा

करवतीखाली पडलेला जाडा भुसा झाडूने निघतो. त्रास देते ती डोळ्यांना न दिसणारी धूळ, कारण ती काम थांबल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहते. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड) कापताना तर ती पिठासारखी उडते. लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत मोडते, तेव्हा 'थोडंसंच तर कापायचंय' म्हणून सोडून देऊ नका.

गोल करवतीच्या मागे भुसा बाहेर फेकणारं तोंड असतं. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप तिथेच जोडा. मापं बहुतेक वेळा जुळत नाहीत (का जुळवत नाहीत देव जाणे!). अशा वेळी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन्हींवर ताणून चढवा आणि क्लिपने आवळा. मधे रंगाच्या रिकाम्या बादलीवर सायक्लोन झाकण (हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारं) बसवलंत, तर बराचसा भुसा बादलीतच पडतो आणि व्हॅक्यूमचा फिल्टर लवकर तुंबत नाही.

गॅरेजचं शटर पूर्ण उघडा. पंखा दारात, तोंड बाहेरच्या बाजूला. डोक्यावरचा पंखा मात्र बंद, तो धूळ नुसती घुसळतो. नाकावर रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा आणि कापून झाल्यावर लगेच काढू नका. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. कपडे बाहेरच झटका, नाहीतर सगळा भुसा घरात सोफ्यावर येतो.