तुपाची बरणी घरीच

दोन मुलींना घेऊन स्वित्झर्लंड आणि पॅरिसला जायचंय, त्याच्या यादीत सगळ्यात वर पासपोर्ट. मोठ्यांचा दहा वर्षं चालतो, पंधराच्या आतल्या मुलांचा जास्तीत जास्त पाच, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाला, तिथून परत निघण्याच्या तारखेनंतर पासपोर्टची निदान ३ महिने मुदत आणि २ कोरी पानं लागतात. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात परतणार, धाकटीचा पासपोर्ट ऑगस्टमध्ये संपणार. म्हणजे आधी तो नवा करून घ्या, मग पुढचं.

व्हिसा कुठला काढायचा, तर जिथे जास्त रात्री मुक्काम त्या देशाचा. स्वित्झर्लंडला पाच, पॅरिसला चार, म्हणून स्विस. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलायचा नाही. ३० हजार युरोंचा प्रवास विमा, बँकेचं स्टेटमेंट, दोघींचे जन्मदाखले, आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो. धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत आणि ते जगाला दाखवायची तिला भारी हौस. फोटोवाले काका चार वेळा म्हणाले, ‘बाळा, तोंड मीट.’ मोठी तेरा वर्षांची, तिला बोटांचे ठसे द्यायला यावं लागेल. बाराच्या आतल्यांना ती भानगड नाही. मावसबहिणीच्या लग्नात तिला बोटांच्या टोकांना मेंदी लावू देऊ नये, हेही यादीतच लिहिलंय.

नवऱ्याला सुट्टी नाही, आम्ही तिघीच निघणार. त्यामुळे त्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र हवं. ‘सख्ख्या आईला पोरी न्यायला कागद?’ सासूबाई दोन दिवस हेच म्हणत होत्या. हा कागद फायलीत नको, माझ्या हातातल्या पर्समध्ये.

मग खाऊ. इथे घरात खरी लढाई झाली. सासूबाईंनी साजूक तुपाची बरणी झाकणाला प्लास्टिक बांधून तयार ठेवली होती. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने मांस किंवा दुधाचे पदार्थ आणलेले युरोपात चालत नाहीत, स्वित्झर्लंडमध्येही नाहीत. तूप गेलं, पेढे गेले, बेसनाचे लाडू तुपातले म्हणून तेही गेले. राहिलं काय? मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थालिपिठाची भाजणी, गोडा मसाला. स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेन गावात स्वयंपाकघर असलेली खोली घेतली आहे. मेतकूट-भातावर तिथलंच लोणी घालू. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा तांदूळ आणि दूध शनिवारीच आणून ठेवायचं. पाण्याच्या बाटल्या मात्र रिकाम्या न्यायच्या, गावातल्या कारंज्यांचं पाणी पिता येतं. जिथे चालत नाही तिथे पाटी असते.

गाड्यांसाठी माझा स्विस ट्रॅव्हल पास आणि दोघींसाठी फुकट मिळणारं फॅमिली कार्ड. सोळाच्या आतल्या मुलांचं भाडं त्यात सुटतं. पास घेतानाच ते मागून घ्या. युंगफ्राउयोख या डोंगरखिंडीतलं रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. कळसूबाई १,६४६, म्हणजे दुपटीहून उंच, हा हिशेब धाकटीने केला आणि लगेच ‘मग चालत का नाही जायचं?’ असंही विचारलं. मे असला तरी वर बर्फ असतो. थर्मल, टोप्या, हातमोजे आणि गॉगल तिघींचेही.

पॅरिसच्या कागदावर लाल शाईने: लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ऑर्से संग्रहालय सोमवारी बंद. आयफेल टॉवरच्या लिफ्टचं तिकीट साठ दिवस आधी खुलं होतं, त्यासाठी फोनवर गजर लावलाय.

किरकोळ: स्विस आणि फ्रेंच सॉकेट वेगवेगळी, अडॅप्टर दोन. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. औषधं, प्रिस्क्रिप्शनसकट. मोठीचे पॅड तिचे तिनेच मोजून ठेवायचे, मी विचारायचं नाही, असं ठरलंय.

शेवटी वजन. घरच्या काट्यावर आधी मी एकटी उभी राहते, मग बॅग घेऊन. मोठी वजाबाकी करते. बॅगेचं वजन वहीत लिहिते, माझं मात्र आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडून सांगते.