करवंटीचा कोळसा: काय पकडायचंय ते आधी ठरवा

पीएचडीला लागले तेव्हा दापोलीहून घरच्या करवंट्यांचं पोतं घेऊन आले होते. करवंटी कठीण, राख कमी, म्हणून वायू किंवा रंग आपल्या बारीक भोकांत पकडून ठेवणाऱ्या सच्छिद्र कार्बनसाठी उत्तम. तुकडे करून नायट्रोजनमध्ये साधारण 500 अंश सेल्सिअसला तापवायचे की कोळसा होतो. तो पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये घोळवून पुन्हा 700-800 अंशांना तापवायचा. हायड्रॉक्साईड कार्बनला खातं आणि भोकं पडतात.

याच पायरीत हवा-पाण्याला लागताच पेट घेणारं धातुरूप पोटॅशियमही तयार होतं आणि वाफ होऊन भट्टीच्या नळीच्या थंड टोकाला जाऊन बसतं. एकदा मी भट्टी पुरती निवायच्या आत उघडली. ठिणग्या उडाल्या, दोन दिवसांचा नमुना माझ्यासमोर जळून गेला. नळी हाताला गार लागेपर्यंत नायट्रोजन बंद करायचा नाही, आणि पाणी लगेच ओतायचं नाही. हे कुणीही घाईत विसरू नये, असं मनापासून वाटतं.

मग धुणं. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, मग गाळलेलं पाणी उदासीन होईपर्यंत पाणीच पाणी. माझ्या पहिल्या नमुन्याचं क्षेत्रफळ (भोकांच्या आतल्या भिंती धरून एका ग्रॅमचा पृष्ठभाग) फारच कमी आलं, कारण पोटॅशियम कार्बोनेट भोकांत अडकून होतं. तोच नमुना पुन्हा धुतला आणि आकडा चढला. मोजण्याआधी रात्रभर निर्वातात तापवून त्यातला ओलावा आणि वायू काढायचे, हेही तितकंच महत्त्वाचं.

चांगल्या नमुन्याच्या एका ग्रॅमला 1300 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणजे पुरुषांच्या कबड्डीची दहा मैदानं! पण या आकड्याच्या मागे लागून माझं वर्ष गेलं. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साईड जेमतेम 10-15 टक्के असतो. इतक्या विरळ वायूला 0.8 नॅनोमीटरहून अरुंद भोकंच नीट धरून ठेवतात. हायड्रॉक्साईड वाढवलं की क्षेत्रफळ वाढतं, पण भोकंही रुंदावतात. उलट मिथिलीन ब्लूसारख्या रंगाचा रेणू मोठा, तो अरुंद भोकांत शिरतच नाही. त्याला रुंद वाटा लागतात. तेव्हा काय पकडायचंय ते ठरवूनच भट्टीचं तापमान आणि हायड्रॉक्साईडचं प्रमाण ठरवा.

रंगाचं काम असेल, तर कोळसा न घालता नुसतं द्रावण त्याच फिल्टरमधून गाळून बघा. फिल्टरचा पडदासुद्धा रंग धरतो आणि त्याचं श्रेय कोळशाला जातं.